ताळगावच्या पठारावरचे विद्यापीठ



यंदाच्या व्याख्यानासाठी मी एका लहान विद्यापीठाचा विषय निवडला आहे. विद्यापीठांचा इतिहास सांगायचा म्हटला की मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या १८५७ सालच्या तीन नावांपासून आरंभ करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यानंतर उस्मानिया येते, पुणे येते, बडोदे आणि धारवाड येते. आपल्या बेळगावाहून चोर्ला घाट उतरून गेले की काही तासांत जिथे पोहोचता येते, त्या गोवा विद्यापीठाचे नाव या यादीत सहसा कोणी घेत नाही. त्याचे वय चार दशकांचे. ज्या राज्यासाठी ते आहे त्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास. महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याहूनही हा पसारा लहान.

असे असून हा विषय आपल्यासारख्यांच्या जवळचा आहे. आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसे. आपल्या घरात जी भाषा, जे कागद, ज्या आठवणी आहेत, त्यांची नोंद कोणी ठेवायची, हा प्रश्न आपल्याला ठाऊक आहे. ज्या प्रदेशाला स्वतःचे विद्यापीठ नसते त्याला स्वतःविषयीचे प्रश्नदेखील दुसऱ्याच्या दारात जाऊन विचारावे लागतात. गोव्याने ही अवस्था फार दीर्घकाळ भोगली. ती कशी होती, कशी संपली आणि संपल्यावर कोणते नवे प्रश्न उभे राहिले, एवढेच मला आज मांडायचे आहे.

दुसऱ्यांच्या शाळा

गोव्यात उच्च शिक्षणाची संस्था नव्हती असे म्हणणे चुकीचे ठरेल. जुन्या गोव्यातले सेंट पॉल कॉलेज सोळाव्या शतकाच्या मध्याला जेझुइटांच्या हाती नांदत होते आणि १५५६ साली भारतातला पहिला छापखाना तिथेच चालू झाला. सासष्टीतल्या रायतूरच्या जेझुइटांच्या छापखान्यातून फादर टॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली बाहेर पडले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचा हा ग्रंथ रोमी लिपीत छापलेला होता. मराठीच्या मुद्रणाच्या इतिहासात या पानाला मोठा मान आहे.

पण या विद्येचा हेतू धर्मप्रसाराचा होता. ज्या भाषा मिशनरींनी कष्टाने शिकून घेतल्या, त्यांच्याकडे पाहण्याची सत्तेची नजर पुढे बदलत गेली. १६८४ साली व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम केला. १७५९ साली जेझुइटांनाच पोर्तुगीज मुलखातून हाकलण्यात आले आणि त्यांच्या पाठशाळांची परंपराही खंडित झाली.

या काळात गोव्याचे जुने ग्रंथ कुठे गेले, हे पाहण्यासारखे आहे. सासष्टीतल्या केळशीच्या कृष्णदास शामाने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी ओव्यांत श्रीकृष्णाची चरित्रकथा रचली. ती आणि त्या काळातल्या रामायण-महाभारताच्या कोंकणी कथा आपल्यापर्यंत आल्या त्या पोर्तुगालमधल्या ब्रागा येथील ग्रंथालयातल्या रोमी लिपीतील हस्तलिखितांमुळे. ख्रिस्तपुराणाची देवनागरीतली एक महत्त्वाची प्रत लंडनला आहे. आज पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला कृष्णदास शामाचे नाव आहे, पण त्याचा ग्रंथ वाचायचा तर मूळ हस्तलिखित सातासमुद्रापलीकडे. गोव्याच्या विद्येची गोष्ट एका वाक्यात सांगायची तर ती ही आहे.

एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज सरकारने नव्याने काही संस्था काढल्या. १८३२ साली पणजीत सार्वजनिक ग्रंथालय झाले. १८४२ साली एस्कोला मेदिको-सिरुर्जिका, म्हणजे वैद्यकशाळा, सुरू झाली आणि १८५४ साली लिसेव. वैद्यकशाळेचे महत्त्व मोठे. आशिया खंडात पाश्चात्त्य वैद्यक शिकवणाऱ्या जुन्या शाळांत तिची गणना होते. तिथून बाहेर पडलेले गोमंतकीय डॉक्टर मोझांबिक, अंगोला, तिमोर अशा दूरदूरच्या पोर्तुगीज वसाहतींत गेले. तरीही दीर्घकाळ त्यांच्या पदवीला लिस्बनच्या पदवीचा मान नव्हता. त्यांनी आफ्रिकेत जाऊन नोकरी करावी, पण बरोबरीचा मान मागू नये, अशी ती व्यवस्था होती. कायदा किंवा अभियांत्रिकी शिकायची तर कोइंब्रा अथवा लिस्बन गाठावे लागे, नाहीतर घाट चढून ब्रिटिश मुलखात यावे लागे.

अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे आलेल्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडे आदी नव्या काबिजादीत चित्र वेगळे होते. तिथे देवळाच्या मंडपात किंवा एखाद्या घराच्या ओसरीवर पंतोजीची मराठी शाळा भरे. मुले मोडी शिकत, हिशेब शिकत, पोथ्या वाचत. सरकारदरबारी या शाळांना किंमत नव्हती. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, हिंदूंना समान नागरिकत्वाचे हक्क मिळाले आणि मग या मराठी शिक्षणाला संस्थांचे रूप येऊ लागले. पणजीतल्या मुष्टिफंड संस्थेचे नाव आजही सांगते की घरोघरच्या बायकांनी बाजूला काढलेल्या मूठमूठ तांदळावर शाळा उभ्या राहत होत्या. सरकारने केले नाही ते समाजाने केले. पण मूठभर तांदळावर शाळा चालते, विद्यापीठ चालत नाही.

घाट चढून गेलेले

म्हणून गोव्यातली बुद्धी बाहेर गेली. पेडण्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड मुंबईला गेले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक झाले. प्रियोळचे अनंत काकबा प्रियोळकर मुंबईच्या मराठी संशोधन मंडळात बसून गोव्याच्या मुद्रणाचा आणि इन्क्विझिशनचा इतिहास लिहीत राहिले. धारवाड, कोल्हापूर, पुणे, मुंबई ही गोमंतकीय विद्यार्थ्यांच्या तोंडी असलेली गावे होती. आपल्या बेळगावात १९३३ साली लिंगराज महाविद्यालय सुरू झाल्यावर सर्वांत जवळचे महाविद्यालय हेच झाले.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलके वाटते ते धर्मानंद कोसंबींचे उदाहरण. १८७६ साली साखवाळ येथे जन्मलेल्या या माणसाचे शालेय शिक्षण धड झाले नव्हते. मराठीतल्या एका बालमासिकात वाचलेल्या बुद्धचरित्राने त्यांना वेड लावले. १८९९ च्या अखेरीस ते घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ आणि पुढे सिलोन असा त्यांचा प्रवास झाला. परत आल्यावर कलकत्त्यात पाली शिकवण्याची नोकरी मिळाली, पण आपले ज्ञान मराठी लोकांच्या उपयोगी पडावे ही त्यांची तळमळ होती. अशा वेळी बडोद्याचे सयाजीराव महाराज पुढे आले. महिना पन्नास रुपयांची वृत्ती त्यांनी देऊ केली. अट एवढीच की महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहावे आणि बडोदे संस्थानासाठी वर्षाला एक पुस्तक लिहावे. त्यानंतर फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवले आणि अमेरिकेत हार्वर्डला जाऊन विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम केले.

या हकिगतीत सिलोन आहे, कलकत्ता आहे, बडोदे, पुणे आणि हार्वर्ड आहे. गोवा फक्त जन्मापुरता आहे. साखवाळच्या एका मुलाला बौद्ध धर्म शिकायचा होता आणि त्यासाठी त्याला अर्धे जग फिरावे लागले. दैव, जिद्द आणि एक गुणग्राही महाराज यांच्या जोरावर कोसंबी पार पडले. ज्यांच्या वाट्याला महाराज आले नाहीत त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. विद्यापीठाचे काम हेच असते की अशा मुलाला दैवावर विसंबून राहावे लागू नये.

गोव्यातच राहून काम केलेल्यांतही एक मोठे नाव आहे, पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर. १८९४ साली सत्तरीतल्या पिसुर्ल्याला जन्मलेले पिसुर्लेकर पुढे गोव्याच्या ऐतिहासिक दप्तराचे प्रमुख झाले. हे दप्तर १५९५ साली स्थापन झालेले. पोर्तुगीज सत्तेचा पूर्वेकडचा सगळा पत्रव्यवहार तिथे, शिवाय मोडीतले मराठी कागदही. पोर्तुगीज आणि मराठी या दोन्ही भाषांतले कागद सारख्याच अधिकाराने वाचू शकणारी माणसे त्या काळी बोटांवर मोजण्याइतकी होती आणि पिसुर्लेकर त्यांत अग्रणी होते. मराठ्यांच्या इतिहासाची पोर्तुगीज बाजू आपल्याला कळली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. त्यांचे मोठे काम पोर्तुगीज भाषेत छापले गेले. मराठीतला ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ १९६७ साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्याचे कारण उघड आहे. तो प्रसिद्ध करायला गोव्यात विद्यापीठच नव्हते.

मुंबईची सावली

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर सहाच महिन्यांनी, १९६२ च्या शैक्षणिक वर्षात, पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले ही दोन महाविद्यालये सुरू झाली. दोन्ही खाणउद्योगातल्या घराण्यांच्या पुढाकाराने. पुढच्याच वर्षी म्हापशाला सेंट झेवियर्स झाले, जुन्या वैद्यकशाळेचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले, फर्मागुडीला १९६७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. दयानंद बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. जिथे वाट नव्हती तिथे शाळा गेली. एका पिढीत गोवा साक्षर झाला असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच होईल.

ही सर्व महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाने पणजीत एक केंद्र काढले. मुंबईचे हे उपकार गोव्याने विसरू नयेत. पदवीला देशभर किंमत होती, परीक्षेला शिस्त होती, चांगले प्राध्यापक येत होते. परंतु सहाशे किलोमीटरवरच्या शहरातून चालणाऱ्या विद्यापीठाला गोवा हा एक दूरचा कोपरा होता. कोणता विषय सुरू करायचा, काय शिकवायचे, कशावर संशोधनाला परवानगी द्यायची, हे तिकडे ठरे. गोव्याचा इतिहास, गोव्याची गावकारी, खाजन शेती, कोंकणी भाषा, पोर्तुगीज कागद हे विषय मुंबईच्या अभ्यासमंडळात कोणी मुद्दाम नाकारले असे नाही. ते तिथे कोणाला सुचण्याचे कारणच नव्हते.

आपल्याला हा अनुभव परका नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र बेळगावात कितीतरी वर्षे होते आणि त्याच केंद्रातून २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. केंद्र आणि विद्यापीठ यांत इमारतीचा फरक फारसा नसतो. फरक असतो तो अधिकाराचा. केंद्र दुसऱ्याने ठरवलेले शिकवते, विद्यापीठ काय शिकवायचे ते ठरवते.

१ जून १९८५

गोवा, दमण आणि दीव या संघप्रदेशाच्या विधानसभेने १९८४ साली विद्यापीठाचा कायदा केला आणि १ जून १९८५ पासून गोवा विद्यापीठाचा कारभार सुरू झाला. मुंबई विद्यापीठाचे पणजीतले केंद्र त्याचा गाभा ठरले. पहिले कुलगुरू झाले ते शेख अली. मंगळूर विद्यापीठाचेही पहिले कुलगुरू तेच होते आणि हैदर-टिपूच्या काळाचे इतिहासकार म्हणून त्यांचा लौकिक होता. नव्या विद्यापीठाची घडी बसवायला इतिहासकार मिळाला हा योग चांगलाच म्हणायचा.

जागा मिळाली ताळगावच्या पठारावर. जांभ्या दगडाचे हे सडे उन्हाळ्यात रखरखीत आणि पावसाळ्यात हिरवेगार. खाली जुवारीची खाडी, समोर मुरगावचा किनारा. सव्वाचारशे एकरांहून अधिक जमीन. संकुलाचा आराखडा चित्रकार-वास्तुकार सतीश गुजराल यांचा. खडकात झाड लावायचे तर आधी माती आणून घालावी लागते आणि पहिल्या काही वर्षांत विद्यापीठाच्या प्रत्येक विभागाची गत तशीच होती. ग्रंथालय, प्रयोगशाळा, नियम, अभ्यासमंडळे, सगळे नव्याने घडवायचे होते.

काळही शांत नव्हता. विद्यापीठ उघडले तेव्हा राजभाषेचे आंदोलन पेटू लागले होते. कोंकणी की मराठी, या प्रश्नाने घरे विभागली गेली, १९८६ च्या डिसेंबरात हिंसाचारही झाला. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत झाले. कोंकणी ही राजभाषा ठरली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापरालाही कायद्यात स्थान मिळाले. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाला. म्हणजे विद्यापीठ राज्याहून दोन वर्षांनी वडील आहे. राज्याला स्वतःचे नाव मिळण्याआधी त्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आपली माती, आपले पाणी

लहान विद्यापीठाला सगळेच करता येत नाही. पैसे कमी, प्राध्यापक कमी, मंजूर जागा रिकाम्या राहण्याचे दुखणे कायमचे. शिवाय राज्यातली महाविद्यालये संलग्न असल्याने परीक्षा आणि निकाल यांतच बरीच शक्ती खर्च होते. हुशार मुले अजूनही बाहेर जातात. राज्यातच पुढे बिट्स, एनआयटी आणि आयआयटी आल्या, त्यांचा झगमगाट वेगळा. अशा स्थितीत लहान विद्यापीठाने स्वतःचे असे काय करावे? गोवा विद्यापीठाचे चांगले काम जिथे दिसते तिथे उत्तर एकच आहे. जे दुसरीकडे करता येत नाही ते करावे.

सागरविज्ञान हे त्याचे पहिले उदाहरण. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोना पावलाला आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली. पुढे ध्रुवीय संशोधनाचे केंद्र वास्कोला झाले. या शेजारामुळे सागरविज्ञान आणि भूविज्ञान हे या विद्यापीठाचे नैसर्गिक विषय झाले. प्रयोगशाळेच्या खिडकीतून खाडी दिसते आणि नमुना आणायला दूर जावे लागत नाही.

दुसरे उदाहरण अधिक घरगुती आहे. मांडवी-जुवारीच्या काठी खाजन शेती आहे. खाऱ्या पाण्याला बांध घालून जमीन काढायची, मानशीच्या झडपांनी भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडायचे, पावसाळ्यात भात आणि इतर दिवसांत मासळी किंवा मीठ घ्यायचे, अशी ही शेकडो वर्षांची व्यवस्था. बांधाची डागडुजी कोणी करायची, मानशीचा लिलाव कसा व्हायचा, हे गावकारीने ठरवायचे आणि त्याच्या नोंदी गावकारीच्या दप्तरात. विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासकांनी गोव्याच्या मिठागरांतल्या खारटपणात जगणाऱ्या जिवाणूंवर काम केले आहे. भूगोल, अर्थशास्त्र, इतिहास यांचे अभ्यासक त्याच बांधाकडे दुसऱ्या बाजूने पाहतात. मिठागरातला जिवाणू तपासणारा आणि गावकारीचा जुना कागद वाचणारा हे दोघे एकाच शेतात उभे आहेत. मोठ्या विद्यापीठात त्यांची गाठ पडणे कठीण. लहान विद्यापीठात ते एकाच बसने घरी जातात.

बाहेरच्या विद्वानांना बोलावण्यासाठी विद्यापीठाने अभ्यागत संशोधन अध्यासनांची योजना सुरू केली. त्या अध्यासनांची नावे वाचली तरी गोव्याचा बौद्धिक नकाशा समोर येतो. धर्मानंदांचे पुत्र दामोदर कोसंबी, मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहिणारे बाकीबाब बोरकर, एकोणिसाव्या शतकात गोव्यात सरचिटणीस असताना कोंकणीचा कैवार घेणारे पोर्तुगीज विद्वान कुन्य रिव्हारा. या अध्यासनांची व्याख्याने नागरिकांनाही खुली असतात. साखवाळहून निघालेल्या कोसंबींचे घराणे या नावाने गोव्यात परत आले. समाजशास्त्रांच्या संकुलालाही आता दामोदर कोसंबींचेच नाव आहे.

मराठीचे घर

आता आपल्या जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे येतो. गोवा विद्यापीठात मराठी आणि कोंकणी असे दोन स्वतंत्र विभाग आहेत. शिवाय पोर्तुगीज आहे, फ्रेंच, हिंदी आणि इंग्रजी आहे. अलीकडे विभागांची संकुले करण्यात आली, तेव्हा भाषांच्या संकुलाला शणै गोंयबाबांचे नाव देण्यात आले. शणै गोंयबाब म्हणजे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, १८७७ साली डिचोलीला जन्मलेले, कोंकणी ही मराठीची बोली नसून स्वतंत्र भाषा आहे हे ज्यांनी जन्मभर मांडले ते. त्यांच्या नावाच्या छपराखाली मराठी विभाग नांदतो.

आपल्यातल्या काहींना हे खटकेल. मी त्याकडे निराळ्या नजरेने पाहतो. १९८७ पूर्वीची भांडणे ज्यांनी पाहिली त्यांना ठाऊक आहे की दोन्ही बाजूंच्या लोकांच्या घरात दोन्ही भाषा होत्या. देवापुढची आरती मराठी, चुलीपुढचे बोलणे कोंकणी, जमिनीचा कागद मोडीत किंवा पोर्तुगीजमध्ये. राजकारणाला यातले एकच निवडायचे होते. विद्यापीठाला तशी सक्ती नाही. कृष्णदास शामाला समजून घ्यायचे तर मराठी हवी, त्याच्या गावचे बोलणे समजायचे तर कोंकणी हवी आणि त्याचा ग्रंथ ब्रागाला कसा पोहोचला ते कळायचे तर पोर्तुगीज हवी. या तिन्ही भाषा एका छपराखाली शिकवणारी जागा आपल्या देशात दुसरी कुठे सहजी सापडेल? विद्यापीठाच्या मराठी विभागातील सु. म. तडकोडकर यांनी सतराव्या शतकातल्या ख्रिस्ती मराठी विलापिकांचा अभ्यास केला, तो याच भूमीवर होऊ शकणारा अभ्यास होता.

खरा धोका नावाच्या पाटीत नाही, तो वर्गातल्या बाकांवर आहे. मराठी विभागात येणारा विद्यार्थी मराठी प्राथमिक शाळेतून वर येतो. २०११ नंतर गोव्यात इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही सरकारी अनुदानाची वाट मोकळी झाली आणि पालकांचा कल सगळीकडे आहे तसाच तिथेही आहे. खालून झरा आटला की वरची विहीर किती दिवस पुरणार? मराठी वाचणारा विद्यार्थी उद्या मिळेलही, पण मोडी वाचणारा, सोबत पोर्तुगीज येणारा आणि इतिहासाची शिस्त असणारा विद्यार्थी दर पिढीला दोन-चार तरी निपजले पाहिजेत. ते निपजले नाहीत तर १५९५ पासून जपलेल्या दप्तरातले मराठी कागद सुरक्षित राहतील, पण मुके राहतील. पिसुर्लेकरांचा ग्रंथसंग्रह आज गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. संग्रह कपाटात ठेवता येतो, पिसुर्लेकर ठेवता येत नाहीत. ते घडवावे लागतात.

आपल्या वाट्याचे काम

गोव्याची ही कथा सांगण्यामागे माझा एक हेतू आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी समाजाने आपली भिस्त नेहमी दोन गोष्टींवर ठेवली. एक, आपली मंडळे आणि वाचनालये. दुसरी, महाराष्ट्र. मंडळे आपण निष्ठेने चालवली. महाराष्ट्राने कधी साथ दिली, कधी विसर पडला. पण आपण ज्या गावात राहतो तिथल्या विद्यापीठाकडे आपण फारसे वळलो नाही. ते सरकारचे, ते दुसऱ्या भाषेचे, ते पोरांच्या पदवीपुरते, अशी आपली समजूत. बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात मराठी विभाग आहे, हैदराबादला उस्मानियात आहे. तिथल्या मराठी घरांतून त्या विभागांत आज किती मुले जातात, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या गावापुरता स्वतःला विचारावा.

माझी सूचना साधी आहे. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर पत्र्याच्या पेट्या आहेत. त्यांत इनामाच्या सनदा, देवस्थानच्या वहीखात्यांची पाने, आजोबांचा पत्रव्यवहार, लग्नाच्या याद्या, सावकारी हिशेब आहेत. बरेचसे मोडीत. वाचता येत नाहीत म्हणून कोणी उघडत नाही आणि घर पाडून नवे बांधताना त्या रद्दीत जातात. मूळ कागद घरात ठेवायचे असतील तर जरूर ठेवा. पण त्यांची छायाचित्रे काढून जवळच्या विद्यापीठाच्या किंवा दप्तरखान्याच्या हवाली करा आणि सोबत एक पान लिहून द्या की हा कागद कोणाचा, कोणत्या गावचा, तुमच्याकडे कसा आला. ते एक पान पुढच्या अभ्यासकाची कित्येक वर्षे वाचवील. दुसरे असे की मंडळाने दरवर्षी एका तरी विद्यार्थ्याच्या मोडी शिकण्याचा खर्च उचलावा. ज्या रकमेत आपण संमेलनाचा मंडप घालतो, तिच्या एका कोपऱ्यात हे बसते. गोव्यातल्या बायांनी मूठमूठ तांदूळ काढून शाळा चालवल्या. आपल्याला तर तेवढीही झळ बसणार नाही.

गोव्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला चारशे वर्षांहून अधिक काळ लागला. तोवर त्याचे ग्रंथ ब्रागाला आणि लंडनला गेले, त्याची माणसे मुंबई-पुण्याला गेली, त्याचा इतिहास लिस्बनला लिहिला गेला. चाळीस वर्षांत ताळगावच्या पठारावरच्या या लहान विद्यापीठाने हा सगळा ऐवज परत आणलेला नाही, एवढ्यात तो येणारही नाही. पण तो मागायला आता एक पत्ता आहे. बेळगावलाही तसा पत्ता आहे, बडोद्याला आहे, इंदूर-ग्वाल्हेरला आणि हैदराबादला आहे. त्या पत्त्यावर आपल्या घरातले कागद पोहोचवायचे की नाही, हे मात्र आपणच ठरवायचे आहे.